पदव्युत्तर विद्युत अभियांत्रिकीत एम्बेडेड सिस्टीम्स: वेळेचा हिशेब

विचारणा अशी आहे. विद्युत अभियांत्रिकीची पदवी हाती आली आहे आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमात एम्बेडेड सिस्टीम्स, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेले छोटे संगणक, हे विशेषीकरण घेण्याचे मनात आहे. पदवीच्या काळात मात्र बहुतेक वेळ विद्युत यंत्रे, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि नियंत्रण प्रणाली यांत गेला. प्रोग्रॅमिंगच्या नावाने सी भाषेचा एकच विषय झाला, तोही परीक्षेपुरता. अशा स्थितीत संगणक शाखेतून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मागे पडण्याची भीती खरी आहे का, कोणते विषय निवडावेत, प्रबंध कशावर करावा आणि अभ्यासक्रम सुरू होईपर्यंत जे तीन महिने हाताशी आहेत त्यांत काय करावे, हे चार प्रश्न त्यात आहेत. मी बावीस वर्षे मोटर नियंत्रक आणि विद्युत संरक्षण उपकरणे यांचे फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या चिपमध्येच बसणारे सॉफ्टवेअर, लिहीत आले आहे आणि गेली काही वर्षे पदव्युत्तर प्रबंधांची परीक्षकही आहे. या दोन्ही कामांत जे दिसले त्याच्या आधाराने उत्तर देते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी. मागे पडण्याची भीती निराधार आहे, पण तुमची जमेची बाजू कोणती हे तुम्हाला नीट कळले असेल तरच. एम्बेडेड प्रणालीत उत्तर बरोबर असून भागत नाही, ते ठरलेल्या वेळेच्या आत यावे लागते, आणि उशिरा आलेले बरोबर उत्तर बहुतेक वेळा चुकीच्या उत्तराइतकेच घातक ठरते. हे वाक्य प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात असते, विद्यार्थी ते पाठ करतात आणि पुढे विसरतात. विद्युत शाखेच्या विद्यार्थ्याला मात्र ते पाठ करण्याची गरज नसते, कारण उशिराची किंमत काय असते याचे गणित त्याने नियंत्रण प्रणालीच्या वर्गात आधीच केलेले असते; त्याला फक्त ते आठवत नाही.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. मोटरच्या विद्युतप्रवाहाचे नियंत्रण करणारा लूप २० किलोहर्ट्झने चालतो असे धरा. म्हणजे दर ५० मायक्रोसेकंदाला प्रवाह मोजायचा, गणित करायचे आणि इन्व्हर्टरच्या स्विचांसाठी पीडब्ल्यूएमची (स्पंदांची रुंदी बदलून व्होल्टेज ठरवण्याच्या पद्धतीची) नवी किंमत लिहायची. प्रोसेसर १६८ मेगाहर्ट्झचा असेल तर या सगळ्याला प्रोसेसरच्या क्लॉकची ८४०० आवर्तने मिळतात. मोजणी आणि प्रत्यक्ष व्होल्टेज बदलणे यांच्यामध्ये अशा रचनेत सर्वसाधारणपणे दीड नमुनाकाळ जातो, म्हणजे ७५ मायक्रोसेकंद. आता लूपची क्रॉसओव्हर वारंवारता, म्हणजे जिथे लूपचा गेन एकवर येतो ती वारंवारता, १ किलोहर्ट्झ असेल तर ७५ मायक्रोसेकंदांचा विलंब म्हणजे ३६० गुणिले १००० गुणिले ०.००००७५, अर्थात २७ अंशांचा कलाविलंब. कागदावर ६० अंशांचे फेज मार्जिन, म्हणजे लूप अस्थिर होण्याआधीची राखीव जागा, ठेवून केलेले डिझाइन प्रत्यक्षात ३३ अंशांवर उभे राहते. हा हिशेब पाच ओळींचा आहे, आणि तरीही उत्तम कोड लिहिणारे कितीतरी जण तो करू शकत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने ७५ मायक्रोसेकंद म्हणजे ‘जवळपास लगेच’. तुमच्यासाठी ते २७ अंश आहेत. जमेची बाजू म्हणते ती हीच.

या बाजूला दुसरा अर्धा भाग जोडावा लागतो, तो म्हणजे तो वेळ कोडमध्ये नेमका कुठे जातो हे पाहता येणे. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी असाच प्रवाह नियंत्रक घेऊन आला होता. मोटर सुरळीत फिरत होती, फक्त दर सेकंदाला एक बारीकसा ‘टक्’ असा आवाज येत होता. त्याच्या मते तो बेअरिंगचा दोष होता. त्याने मोटर बदलून पाहिली, आवाज राहिला. इंटरप्टच्या, म्हणजे चालू काम थांबवून दर नमुन्याला धावणाऱ्या, कोडला किती वेळ लागतो असे विचारल्यावर त्याने ३१ मायक्रोसेकंद असे अचूक उत्तर दिले, आणि ते खोटे नव्हते: दहा हजार वेळा मोजून काढलेली ती सरासरी होती. आम्ही इंटरप्टच्या सुरुवातीला एक मोकळी पिन हाय केली, शेवटी लो केली, आणि ऑसिलोस्कोपचा पर्सिस्टन्स (जुन्या रेघा पडद्यावर टिकवून ठेवणारी सोय) चालू करून पाच मिनिटे पडद्याकडे पाहत बसलो. ३१ मायक्रोसेकंदांची जाड रेघ उमटली आणि तिच्या बऱ्याच पुढे, ५३ मायक्रोसेकंदांवर, एक फिकट रेघ दिसू लागली. ५० मायक्रोसेकंदांच्या चौकटीतून ती बाहेर पडली होती.

कारण शोधायला अर्धा दिवस लागला. सेकंदातून एकदा, त्याच इंटरप्टमध्ये, तो थर्मिस्टरवरून तापमान काढत होता. त्या सूत्रात लॉगरिदम होता. वापरलेला प्रोसेसर कॉर्टेक्स-एम४, त्यातले फ्लोटिंग पॉइंट एकक, म्हणजे अपूर्णांकांचे गणित करणारा भाग, फक्त एकेरी (३२ बिटांच्या) अचूकतेचे. त्याने मात्र लॉगचे दुहेरी अचूकतेचे फंक्शन बोलावले होते आणि स्थिरांकांच्या मागे ‘एफ’ लावायचे राहून गेले होते. त्यामुळे कंपायलरने ते सारे गणित निमूटपणे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने करायला घेतले. कोडमध्ये चूक म्हणावी असे काहीच नव्हते, तापमानही बरोबर येत होते. एका अक्षराची दुरुस्ती केली, तापमानाचे गणित इंटरप्टमधून उचलून संथ गतीच्या टास्कमध्ये, म्हणजे ठरावीक काळाने चालणाऱ्या वेगळ्या कामात, टाकले आणि आवाज थांबला. सरासरीने हा दोष कधीच दाखवला नसता, कारण वीस हजारांत एकदा येणारे २२ मायक्रोसेकंद सरासरीत कुठेच दिसत नाहीत. एम्बेडेड प्रणालीत विचारायचा आकडा नेहमी सर्वांत वाईट वेळेचा असतो, आणि तो मोजायची सवय मला पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून सर्वांत आधी हवी असते.

पदवीच्या स्तरावर बोर्ड चालवणे पुरते. पदव्युत्तर स्तरावर तो बोर्ड नेहमीच वेळेत चालेल हे कागदावर सिद्ध करता यायला हवे. म्हणून विषय निवडताना रिअल-टाइम सिस्टीम्स हा विषय मी सर्वांत वर ठेवते. त्याचा पाया १९७३ मध्ये लिऊ आणि लेलँड यांनी घातला. ज्या टास्कचा कालावधी लहान तिला अधिक प्राधान्य द्यावे, आणि सर्व टास्क मिळून प्रोसेसरचा वापर एका मर्यादेच्या आत असेल तर प्रत्येक टास्क वेळेत पूर्ण होते, असे त्यांनी दाखवले. दोन टास्कसाठी ही मर्यादा ८२.८ टक्के, तीनसाठी ७८ टक्के, आणि टास्क वाढत गेल्या तर ती ६९.३ टक्क्यांकडे झुकते. बहुतेक विद्यार्थी हा आकडा लक्षात ठेवून थांबतात. खरा उपयोग त्यापुढच्या, प्रतिसादकाळाच्या गणिताचा आहे.

समजा तीन टास्क आहेत: पहिली दर १ मिलिसेकंदाला येते आणि ०.२ मिलिसेकंद घेते, दुसरी दर ५ मिलिसेकंदांना येऊन १ मिलिसेकंद घेते, तिसरी दर २० मिलिसेकंदांना येऊन ६ मिलिसेकंद घेते. एकूण वापर ७० टक्के, म्हणजे ७८च्या आत. पण तिसरी टास्क प्रत्यक्षात किती वेळात संपेल? स्वतःचे ६ मिलिसेकंद धरा. त्या काळात पहिली टास्क ६ वेळा आणि दुसरी २ वेळा मध्ये येईल, म्हणून ६ अधिक १.२ अधिक २, एकूण ९.२. पण ९.२ मिलिसेकंदांत पहिली टास्क १० वेळा येते, म्हणून पुन्हा मांडा: ६ अधिक २ अधिक २, एकूण १०. दहा मिलिसेकंदांत पहिली १० वेळा आणि दुसरी २ वेळाच येते, आकडा पुढे सरकत नाही, उत्तर १० मिलिसेकंद. सहा मिलिसेकंदांचे काम वाईटात वाईट परिस्थितीत दहात संपते. ही टास्क जर एखाद्या संरक्षण रिलेला ट्रिपचा निर्णय देत असेल तर कागदावरचा ६ हा आकडा धरून केलेले समन्वयाचे गणित चुकले. आपल्या स्वतःच्या प्रकल्पातील टास्क घेऊन हे गणित एकदा हाताने केलेला विद्यार्थी पुढे कधीही ‘प्रोसेसर तीस टक्के रिकामा आहे, मग उशीर कसा?’ असे विचारत नाही.

याच विषयात प्राधान्य उलटणे, म्हणजे प्रायॉरिटी इन्व्हर्जन, शिकवले जाते आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मार्स पाथफाइंडरचे आहे. ४ जुलै १९९७ रोजी ते यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून आपोआप रीसेट होऊ लागला. हवामानाची नोंद घेणाऱ्या कमी प्राधान्याच्या टास्कने एक म्यूटेक्स, म्हणजे सामायिक साधनाचे एका वेळी एकालाच मिळणारे कुलूप, धरलेला असे, यानातली माहितीवाहक बस सांभाळणाऱ्या उच्च प्राधान्याच्या टास्कला तोच हवा असे, आणि मधल्या प्राधान्याची संदेशवहनाची टास्क येऊन हवामानाच्या टास्कला बाजूला सारत असे. त्यामुळे सर्वांत महत्त्वाची टास्क सर्वांत बिनमहत्त्वाच्या टास्कच्या मागे अडकून पडे, आणि तिचे काम वेळेत झाले नाही हे लक्षात येताच प्रणाली स्वतःला रीसेट करी. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर दोष पुन्हा घडवून आणला आणि म्यूटेक्समधील प्राधान्य-वारशाचा (कुलूप धरणाऱ्या टास्कला वाट पाहणाऱ्या टास्कचे प्राधान्य तात्पुरते देण्याचा) पर्याय चालू करणारी दुरुस्ती यानाला पाठवली. शा, राजकुमार आणि लेहोच्की यांनी या उपायाचे विश्लेषण १९९० मध्येच प्रसिद्ध केले होते आणि त्या यानाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये तो उपलब्धही होता, फक्त बंद ठेवलेला होता. या गोष्टीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब म्हणजे प्रतिकृतीवर दोष पुन्हा घडवणे. घडवता न आलेला दोष दुरुस्त झाला असे मी आजही मानत नाही.

आता प्रोग्रॅमिंगची उणीव. ती आहे आणि ती भरून काढावी लागेल, परंतु ती तुम्हाला वाटते त्या जागी नाही. मोठमोठे अल्गोरिदम किंवा नव्या भाषा यांची चिंता आत्ता करू नका. सी भाषा मात्र खोलवर यायला हवी: पॉइंटर, बिटवरच्या क्रिया, पूर्णांकांचे आपोआप होणारे रूपांतर, स्मृतीत कोणती गोष्ट कुठे बसते, आणि मुख्य फंक्शन सुरू होण्यापूर्वी स्टार्टअप कोड काय करतो. लिंकरने तयार केलेली मॅप फाइल, म्हणजे स्मृतीतल्या मांडणीची यादी, उघडून वाचता आली पाहिजे. चिप उत्पादकांच्या तयार लायब्ररी वापरण्यात काही गैर नाही, मीही वापरते. पण ज्याने एकदाही रेफरन्स मॅन्युअल उघडून रजिस्टरमध्ये, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या चिपमधल्या कप्प्यात, स्वतः बिट लिहून टायमर चालवलेला नाही, त्याला लायब्ररी चुकते तेव्हा पुढे रस्ता दिसत नाही. आणि मॅन्युअलबरोबर त्या चिपचे एराटा, म्हणजे उत्पादकाने स्वतः मान्य केलेल्या दोषांची यादी, अवश्य वाचावी. पदव्युत्तर विद्यार्थी ती वाचत नाहीत याचे मला दरवर्षी नव्याने वाईट वाटते, कारण कित्येकांचे आठवडे अशा दोषावर गेलेले असतात जो त्या कागदाच्या दुसऱ्या पानावर छापलेला असतो.

सी भाषेतला एक सापळा जवळून दाखवते, कारण तो विद्युत शाखेच्या विद्यार्थ्यांना हमखास गाठतो. आठ बिटांच्या प्रोसेसरवर सोळा बिटांचा एक मोजक आहे. टायमरचा इंटरप्ट तो वाढवतो आणि मुख्य कोड तो वाचतो. मोजकाची किंमत २५५ असताना मुख्य कोड वाचायला लागतो. आठ बिटांचा प्रोसेसर सोळा बिट एका दमात वाचू शकत नाही, म्हणून तो आधी खालचा बाइट उचलतो: २५५. नेमक्या त्या क्षणी इंटरप्ट येतो आणि मोजक २५६ होतो, म्हणजे वरचा बाइट १ आणि खालचा ०. इंटरप्ट संपतो, मुख्य कोड वरचा बाइट उचलतो: १. दोन्ही जोडून त्याला मिळते ५११. ही संख्या त्या क्षणी मोजकात कधीच नव्हती. चल ‘व्होलाटाइल’ घोषित केलेले असले तरी हे घडते, कारण व्होलाटाइल फक्त कंपायलरला प्रत्येक वेळी स्मृतीतून वाचायला भाग पाडतो. वाचन अखंड होईल याची हमी तो देत नाही. वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद करणे किंवा दोनदा वाचून जुळते का पाहणे हे साधे उपाय आहेत. आजचे ३२ बिटांचे प्रोसेसर यातून सुटले असे समजू नका, तिथे हाच प्रकार ६४ बिटांच्या मोजकाबाबत किंवा दोन परस्परसंबंधित चलांबाबत होतो.

मोजकांचा विषय निघालाच आहे तर ओव्हरफ्लोबद्दलही, म्हणजे मोजक भरून त्याची किंमत उलटण्याबद्दलही, सांगते, कारण तो आपल्याच क्षेत्रात घडलेला आहे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाने बोइंग ७८७ विमानांसाठी एक आदेश काढला. विमानातल्या जनरेटरचे नियंत्रण करणारी चार मुख्य एकके एकाच वेळी चालू केली आणि २४८ दिवस सलग चालू राहिली, तर त्यांच्यातील सॉफ्टवेअर मोजक ओव्हरफ्लो होऊन चारही एकके एकदम फेलसेफ अवस्थेत जातील आणि विमानातला सर्व प्रत्यावर्ती वीजपुरवठा बंद पडेल, असे त्यात म्हटले होते. दोष प्रयोगशाळेतील चाचणीत सापडला होता. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त मोजकाने सेकंदाचा शंभरावा भाग मोजत गेल्यास तो २४८.५ दिवसांत भरतो. हिशेब स्वतः करून पाहा. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा चिन्हरहित मोजक ४९.७ दिवसांत भरतो, आणि तो तर आपल्यापैकी प्रत्येकाच्या कोडमध्ये असतो. ‘आत्ताची वेळ वजा सुरुवातीची वेळ’ अशी वजाबाकी करून ती मुदतीशी ताडली तर चिन्हरहित अंकगणितात भरण्याचा त्रास होत नाही. ‘सुरुवात अधिक मुदत’ अशी बेरीज करून आत्ताच्या वेळेशी तुलना केली तर होतो. माझ्या प्रत्येक प्रकल्पात चाचणीच्या आवृत्तीत हा मोजक शून्यापासून सुरू न करता भरायला एक मिनिट उरेल अशा किमतीपासून सुरू केला जातो. पन्नास दिवस वाट पाहण्यापेक्षा एक मिनिट थांबणे परवडते.

हार्डवेअरकडे तुमचा ओढा स्वाभाविक आहे, तिथे थोडक्यात सांगते. एडीसीची, म्हणजे व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या परिपथाची, बिटसंख्या वाचून हुरळून जाऊ नका. ३.३ व्होल्ट आणि १२ बिट म्हणजे एका पायरीला ०.८ मिलिव्होल्ट, ग्राउंडची रचना ढिसाळ असेल तर शेजारचा स्विचिंग कन्व्हर्टर त्यातल्या शेवटच्या तीन-चार बिटांची सहज माती करतो. एकाच एडीसीने आळीपाळीने अनेक वाहिन्या वाचताना आतील नमुना-संधारित्रावर आधीच्या वाहिनीचा भार शिल्लक असतो. स्रोताचा रोध मोठा असेल आणि नमुना घेण्याचा वेळ तोकडा असेल तर एका वाहिनीचे वाचन दुसरीत डोकावते. आरसी परिपथाचा कालस्थिरांक तुम्ही पहिल्या वर्षी शिकलात तो इथे लागतो. आय-टू-सी बसचा, म्हणजे सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर यांना जोडणाऱ्या दोन तारांच्या बसचा, एक दोषही प्रत्येकाने एकदा स्वतः घडवून पाहावा. सेन्सर शून्याचा बिट पाठवत असताना, म्हणजे त्याने डेटाची रेषा खाली धरलेली असताना, फक्त मायक्रोकंट्रोलर रीसेट करा. मायक्रोकंट्रोलर पुन्हा जागा होतो, पण सेन्सरला त्याचा पत्ता नसतो. तो पुढच्या क्लॉकची वाट पाहत रेषा धरूनच बसतो आणि बस कायमची अडकते. नऊपर्यंत क्लॉक स्पंद हाताने दिले की सेन्सर आपला बाइट संपवतो आणि रेषा सोडतो. लॉजिक अॅनालायझरवर हे चित्र पाहिल्यानंतर वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की रीसेट करणारा टायमर) लावला म्हणजे सारे सुरक्षित झाले हा समज उरत नाही, कारण इथे वॉचडॉगने रीसेट करणे हेच बस अडकण्याचे कारण ठरू शकते.

आता विषयांची निवड. रिअल-टाइम सिस्टीम्सबरोबर संगणक रचना हा विषय घ्यावा आणि त्यात इंटरप्ट, डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा स्मृतीत हलवणे) आणि कॅशे (प्रोसेसरजवळची जलद स्मृती) यांवर विशेष लक्ष द्यावे. कॅशे असलेल्या प्रोसेसरवर डीएमएने स्मृतीत टाकलेला नवा डेटा सोडून कॅशेतला जुनाच डेटा वाचला जाणे ही आज प्रयोगशाळेत वारंवार भेटणारी अडचण आहे. ऑपरेटिंग सिस्टीमचा विषय शक्य असेल तर संगणक विभागात जाऊन घ्यावा, तिथे तो अधिक खोलवर शिकवला जातो आणि त्या विद्यार्थ्यांबरोबर बसल्याने तुमची भीतीही जाईल. डिजिटल नियंत्रण सोडू नये, तुमचा खरा आधार तोच आहे. डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग पदवीला नीट झाले नसेल तर पुन्हा करावे. विद्युतचुंबकीय अनुरूपतेचा, म्हणजे उपकरणांनी एकमेकांना विद्युतचुंबकीय अडथळा न करण्याचा, विषय उपलब्ध असूनही विद्यार्थी तो टाळतात. टाळू नये, कारण चाचणी प्रयोगशाळेत नापास होऊन परत आलेला बोर्ड दुरुस्त करणारी माणसे फार थोडी असतात. एफपीजीए, म्हणजे आतला परिपथ हवा तसा जोडता येणारी चिप, हा विषय तुमच्या प्रबंधाला नॅनोसेकंदांची निश्चिती हवी असेल तर घ्यावे, अन्यथा नंतरही शिकता येते. फंक्शनल सेफ्टी, म्हणजे आयईसी ६१५०८ आणि वाहनांसाठीचे आयएसओ २६२६२ ही मानके, एका परिसंवादापुरती वाचली तरी पुरे. ती पुढे कामातच शिकली जातात. ज्या विषयाचे नावच एखाद्या विशिष्ट बोर्डावरून पडले आहे तो मी घेणार नाही. बोर्ड बदलत राहतात, आणि त्याचे धडे सुट्टीत स्वतः करता येतात.

शिकताना एक गोंधळ लवकर मोडून काढा. कॉर्टेक्स-एम प्रोसेसरमध्ये इंटरप्टच्या प्राधान्याचा आकडा जितका लहान तितके प्राधान्य मोठे. फ्रीआरटीओएस या रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीममध्ये टास्कच्या प्राधान्याचा आकडा जितका मोठा तितके प्राधान्य मोठे. एकाच प्रकल्पात दोन्ही उलटसुलट नियम शेजारी नांदतात. शिवाय ऑपरेटिंग सिस्टीमची फंक्शने कोणत्या पातळीपर्यंतच्या इंटरप्टमधून बोलावता येतात याची एक सीमा कॉन्फिगरेशनमध्ये ठरवलेली असते, आणि ती ओलांडली तर प्रणाली लगेच कोसळत नाही, आठवड्याभराने कोसळते. तोपर्यंत कोणता बदल केला होता हे कोणाच्या लक्षात नसते.

प्रबंधाचा विषय निवडताना माझी एकच कसोटी आहे: शेवटी तुम्ही कोणता आकडा मोजून दाखवणार आहात, आणि तो आधीच्या कोणत्या आकड्याशी ताडणार आहात? ‘स्मार्ट’ हा शब्द आणि मोबाइलवर दिसणारा आलेख एवढ्यावर उभे असलेले प्रबंध मी बरेच तपासले आहेत. ते चालतात, पण त्यांतून काही सिद्ध होत नाही. याउलट, बॅटरीतील शिल्लक चार्जचा अंदाज घेण्यासाठी विस्तारित काल्मन फिल्टर (गोंगाटी मोजमापांवरून स्थितीचा अंदाज काढणारी गणिती पद्धत) एका छोट्या मायक्रोकंट्रोलरवर बसवला, एकेरी अचूकता आणि फिक्स्ड पॉइंट (पूर्णांकांच्या साहाय्याने केलेले अपूर्णांकांचे गणित) अशा दोन्ही प्रकारे लिहिला, प्रत्येकाला लागलेली स्मृती, सर्वांत वाईट वेळ आणि अंदाजातील त्रुटी मोजली, तर तो विषय जुना असूनही प्रबंध भक्कम होतो. उपकेंद्रातील संरक्षणाचा विषयही फार समृद्ध आहे: ५० हर्ट्झच्या प्रणालीत दर आवर्तनाला ८० नमुने म्हटले की दर २५० मायक्रोसेकंदाला इथरनेटवरून एक पॅकेट येते, आणि एखादे पॅकेट हरवले किंवा उशिरा आले तर दोषशोधनाच्या अल्गोरिदमचे काय होते हा प्रश्न पूर्णपणे विद्युत अभियंत्याचा आहे. मोटरच्या कंपनांवरून बेअरिंगचा दोष ओळखणारे लहानसे न्यूरल नेटवर्क २५६ किलोबाइट स्मृतीत बसवणे हाही चांगला विषय, मात्र त्याची तुलना साध्या फूरिये रूपांतरावर आधारलेल्या पद्धतीशी प्रामाणिकपणे करण्याची तयारी हवी, आणि साधी पद्धत सरस ठरली तर तसे लिहिण्याचीही. परीक्षक म्हणून मी अशा निष्कर्षाला कधीच कमी गुण दिलेले नाहीत.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन या. ऑसिलोस्कोपचे प्रोब टेबलावर पसरलेले दिसतात की कपाटात कुलूपबंद असतात, आणि आधीच्या विद्यार्थ्याचा कोड आजही कंपाइल होऊन चालतो का, एवढे विचारले तरी तिथे दोन वर्षे कशी जातील याचा अंदाज येतो.

राहिले हातातले तीन महिने. ज्यावरच डीबगर बसवलेला आहे असा एखादा साधा ३२ बिटांचा बोर्ड घ्या, सोबत आठ वाहिन्यांचा लॉजिक अॅनालायझर, आणि ऑसिलोस्कोप कुठे वापरायला मिळेल याची सोय लावून ठेवा. पहिल्या महिन्यात कोणतीही लायब्ररी न वापरता, फक्त मॅन्युअलच्या आधारे एलईडी, टायमर, सीरियल पोर्ट आणि एडीसी चालवा. गती संथ असेल, ती तशीच असू द्या. दुसऱ्या महिन्यात टायमरच्या टिकवर चालणारा दोन-तीन टास्कचा साधा शेड्युलर स्वतः लिहा, प्रत्येक टास्कला एक पिन द्या, आणि वर केले तसे प्रतिसादकाळाचे गणित आधी कागदावर मांडून मग अॅनालायझरवरच्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्ही जुळले नाहीत तर जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. तिसऱ्या महिन्यात एक छोटा डीसी मोटरचा वेगनियंत्रक बंद लूपमध्ये चालवा आणि त्यात मुद्दाम विलंब वाढवत न्या. कोणत्या विलंबाला मोटर डोलायला लागते ते नोंदवा आणि फेज मार्जिनच्या गणितातून आलेल्या उत्तराशेजारी लिहा. सवड उरली तर जुना आठ बिटांचा एखादा बोर्ड मिळवून ५११चा दोष घडवून आणा. मोजक सतत वाचत राहा, आधीच्या वाचनापेक्षा तो अचानक दोनशेहून अधिक पुढे गेला की एलईडी लावा, आणि तो दिवा पहिल्यांदा लागायला किती वेळ गेला ते घड्याळ लावून मोजून ठेवा.